नऊ निरोगी बायका

१

पत्र दीड पानाचं होतं. डॉ. हंबीरराव इंगवले यांनी ते तीनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शिपायाला म्हणाले, "खालून कुरण्यांना बोलाव."

धम्मपाल कुरणे शाहूपुरीतल्या त्या कॅन्सरच्या दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळत. त्यांचं बस्तान तळघरात आणि साहेबांची खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट दिवाळीपासून बंद होती. गुडघ्यावर हात ठेवत, प्रत्येक मजल्यावर थांबत ते वर पोचले. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. नवीन काही सुरू करायचं नाही, जुनं काही अर्धवट ठेवायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. दोन हजार चार साल सरत आलं होतं.

"बसा. कागद खोटा असला की तुम्हाला वास येतो म्हणतात," साहेब म्हणाले.

"कागदाला वास ओलीचाच येतो साहेब. काय झालं?"

"आपला जनुकांचा अभ्यास माहीत आहे ना?"

"फायली माझ्याकडंच हाईत. तीनशे साठ. निम्म्या पेशंटच्या, निम्म्या निरोगी बायकांच्या."

साहेबांनी उसासा टाकला. "बाईच्या अंगात प्रोजेस्टेरॉन म्हणून हार्मोन असतं. ते पेशीत जाऊन रिसेप्टरला चिकटतं, कुलपात किल्ली बसावी तसं. हे कुलूप कसं घडवायचं ते जनुकात लिहिलेलं असतं. काहींच्या त्या जनुकात एक जादा तुकडा घुसलेला असतो. प्रत्येकीकडे जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. दोन्हींत जादा तुकडा असलेली बाई आपल्याकडे फार विरळा. आम्हाला एकशे ऐंशी निरोगी बायकांत अशा नऊ मिळाल्या. एकशे ऐंशी पेशंटांत एकही नाही."

"म्हणजे तो तुकडा असला की छातीचा कॅन्सर होत न्हाई?"

"तसं आम्ही परिषदेत सांगितलं. वर्तमानपत्रात आलं. मग पडताळणीसाठी ते नऊ नमुने बाहेरच्या लॅबला पाठवले. त्यांनी जनुकातल्या आणखी वीस जागा तपासल्या." साहेबांनी पत्र पुढे सरकवलं. "नऊच्या नऊ नमुने एकाच बाईचे आहेत."

धम्मपालांनी पत्राला हात लावला नाही.

"फ्रीझरची किल्ली जोतीरामकडे असते," साहेब म्हणाले. "एका नळीच्या नऊ करणं त्याला सोपं. सोमवारपर्यंत राजीनामा दे, नाहीतर पोलिसात देतो, असं मी त्याला सांगितलंय. आज गुरुवार. तोवर तुम्ही बघा. माझी चूक होत असेल तर मला सांगा."

२

जोतीराम लॅबमध्ये स्टुलावर बसला होता. कागलकडचा तिशीतला माणूस. घरी बायको आणि दोन लहान मुली. त्याने चहा मागवला, पण तो प्यायचं कुणालाच सुचलं नाही.

"मामा, हे बघा." त्याने एक काळा फोटो दाखवला. काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या उमटल्या होत्या. "ही खालची पट्टी म्हणजे साधं जनुक. वरची म्हणजे जादा तुकडावालं. बहुतेकींना नुसती खालची. काहींना दोन्ही. आणि नुसती वरची, ती ही."

"नळ्या कशा यायच्या?"

"शिबिरातनं, बर्फाच्या पेटीत. चौदा शिबिरं झाली. बाळाबाई रक्त घ्यायच्या, मी इथं वहीत तारीख घालून फ्रीझरला टाकायचो. या नऊ नळ्या नऊ शिबिरांतल्या हाईत. चौदा महिन्यांत मिळून."

वही खरी वाटत होती. शाई निरनिराळी, एका पानावर चहाचा डाग, एका पानावर जोतीरामच्या पोरीने मारलेली रेघ. कुणी एका बैठकीत लिहिलेली वही इतकी अव्यवस्थित नसते, हे धम्मपालांना सत्तावीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

"आणि मामा, एक सांगतो. मला आळसानं नळ्या भरायच्या असत्या, तर मी साध्या पट्टीवालीचं रक्त घेतलं असतं. शंभरात पंच्याऐंशी तशाच. कुणाला संशय सुदिक आला नसता. हजारात एक सापडणारी बाई मी कशाला नऊ डाव घालू?"

हे बरोबर होतं. धम्मपालांनी थंड चहा बाजूला केला.

"मग दुर्मीळ बाई कुणाला पायजे होती?"

जोतीरामने मान वळवून समोरच्या बंद दाराकडे पाहिलं. दारावर पाटी होती : डॉ. शशिधर पट्टणशेट्टी, संशोधन अधिकारी.

३

शशिधर निपाणीचा. वय एकोणतीस. वर्षभरात डोळ्यांखाली काळं साचलं होतं. परिषदेतला शोधनिबंध त्याच्याच नावावर होता.

"काका, मी तुमच्या जागी असतो तर माझ्यावरच संशय घेतला असता," तो म्हणाला. "पण तारखा बघा. शेवटचं शिबिर एप्रिलमध्ये झालं. तपासणी आम्ही मे महिन्यात सुरू केली, सगळ्या नळ्या जमल्यावर. त्याआधी कुणाच्या रक्तात काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. दुर्मीळ बाई हुडकून तिचं रक्त नऊदा घ्यायचं म्हटलं, तर ती दुर्मीळ आहे हे आधी कळायला नको?"

धम्मपालांनी तारखा ताडून पाहिल्या. तो खरं बोलत होता. म्हणजे जोतीराम सुटत होता आणि हाही सुटत होता. राहिली रक्त घेणारी बाळाबाई, आणि तिला तर जनुक म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

त्यांनी नऊ फायली टेबलावर मांडल्या. नऊ नावं, नऊ गावं, सगळी आजरा-गडहिंग्लज पट्ट्यातली. वय, उंची, वजन, लेकरं किती, बहिणी किती. दोन फॉर्मांवर बहिणींच्या रकान्यात लिहिलं होतं : 'अक्का एक, तंगी एक.'

"हे असं कसं लिहिलंय?"

"बाईनं सांगितलं तसं लिहिलं. आमच्याकडं कानडीत धाकटीला तंगीच म्हणतात. मला वावगं वाटलं नाही."

"चेहरा आठवतो?"

"बाजाराची गर्दी असायची, काका. मी मान खाली घालून लिहीत होतो."

धम्मपालांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'स्तन तपासणी : दोष नाही.' शेजारी बरोबरची खूण. "ही तपासणी कोण करायचं?"

"शांभवी मॅडम," शशिधर म्हणाला, आणि पाणी आणायला उठला. जग टेबलावरच होता, भरलेला.

४

शुक्रवारी धम्मपाल एसटीने आजऱ्याला गेले. नऊ फॉर्मांतल्या एका बाईचा पत्ता तिथल्या काजूच्या कारखान्याजवळचा होता. धोंडुबाई आकाराम, वय एकेचाळीस.

ती काजू फोडून नुकतीच आली होती. बोटं काजूच्या तेलाने काळी पडलेली. अंगाने चांगली भरलेली, पासष्ट किलोची तरी असेल. फॉर्मवर वजन होतं शेहेचाळीस.

"पावणं, मी कुटं रक्त देऊ? सुईला भितो मी," ती म्हणाली. "पर थांबा." तिने देवाच्या तसबिरीमागून एक छापील कार्ड काढलं. दवाखान्याचंच होतं. आपल्या तपासणीत दोष आढळला नाही, सहकार्याबद्दल आभार. "हे आलतं पोष्टानं. मला वाटलं सरकारचं असंल. चांगलं लिवलंय म्हणून ठेवलं."

धम्मपालांनी फॉर्म वाचून दाखवला. नवऱ्याचं नाव, तीन मुलं, पहिलं मूल एकोणिसाव्या वर्षी, एक गर्भपात.

धोंडुबाईचा चेहरा बदलला. तिने घरात कुणी आहे का बघून घेतलं. "हे समदं खरं हाय. पर शेवटचं तुमास्नी कुणी सांगितलं? माझ्या मालकास्नी बी धड ठावं न्हाय."

"तुम्ही कुणाजवळ बोलला होता?"

"बोललो असंन. बायकांत बोलनं हुतंच की. आता कुणाजवळ ते कसं सांगू?"

"तंगी म्हणता का तुम्ही बहिणीला?"

"ते काय असतं?"

येताना ते गडहिंग्लजजवळ आणखी एका पत्त्यावर उतरले. तिथंही तेच. खरी बाई, खरी माहिती, आणि सुई कधी टोचलीच नाही. धोंडुबाईला ती ओळखतही नव्हती. दोघींच्या पोटातल्या गोष्टी मात्र तिसऱ्याच कुणाला तरी पाठ होत्या.

परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली नाही. उसाच्या गाड्यांमागे गाडी रखडत होती आणि धम्मपाल दांडीला धरून उभे होते. नऊ गावांतल्या बायकांच्या मनातलं ठाऊक असलेली बाई कोण? सुईण म्हणावी तर ती एका गावची. नर्स म्हणावी तर ती स्वतःच रांगेत कशाला उभी राहील?

५

शनिवारी दुपारी बाळाबाईची कामाची पाळी संपली तसे ते तिच्याजवळ जाऊन बसले. बाळाबाई तीस वर्षं लोकांच्या शिरा शोधत आली होती. पायांना सूज होती; चपला काढून तिने पाय बाकावर घेतले.

"कुरणे भाऊ, माझ्यावर आळ आहे म्हणं."

"तुमच्यावर कुणाचा न्हाई. एक विचारतो. एकच बाई नऊ डाव तुमच्यापुढं आली, आणि तुम्हाला कळलं न्हाई. असं हुईल का?"

"हुईल की. मी तोंड बघत न्हाई, शीर बघतो. त्यातनं पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला." तिने घोटा चोळला. "पर हात ध्यानात राहतात माझ्या. एक हात हाय. सडसडीत. बोटं चिरलेली, बारीक बारीक. काच लागल्यावानी. मला वाटलं दोघीतिघी असतील तसल्या. आणि दर वेळी उजवाच पुढं करायची. डावा द्या म्हटलं तर न्हाई म्हणायची. डावा वर हुत न्हाई म्हणायची."

धम्मपालांनी नऊ फॉर्म काढले. रक्त कुठल्या हाताचं घेतलं हे बाळाबाई कोपऱ्यात लिहायची. नऊही ठिकाणी 'उ' होता.

"शिबिरं कोणत्या वारी लावायची?"

"बाजाराच्या. त्या दिवशी बायका आपसूक येतात. आजऱ्याचा बाजार, गडहिंग्लजचा, नेसरीचा."

"बाजारोबाजार फिरणारी," धम्मपाल हळूहळू म्हणाले. "कानडी मुलखातली. काचेत हात घालणारी. आणि जिच्याजवळ बायका घरात न बोललेलं बोलतात."

बाळाबाईने पाय खाली घेतले. "बांगड्या भरणारी," ती म्हणाली. "अर्धा अर्धा तास हात हातात असतो. माझी आई सुदिक तिच्याजवळच रडायची."

फायली गावांच्या क्रमाने लावलेल्या होत्या. धम्मपालांनी सवयीने त्या तारखेने लावायला घेतल्या, आणि एकेका फॉर्मवरचं वजन ते पुटपुटत वाचू लागले. उंची नऊही ठिकाणी एकच होती, एखाद्या सेंटिमीटरचा फरक. वजन मात्र सरकत गेलं होतं. एक्कावन्न. एक्कावन्न. पन्नास. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस. शेहेचाळीस. पंचेचाळीस. त्रेचाळीस. बेचाळीस.

टेबलाशी बसून खोटे आकडे भरणाऱ्याने ते वरखाली केले असते. हे आकडे वजनकाट्याचे होते.

धम्मपालांनी नववा फॉर्म बाळाबाईकडे वळवला.

"बाळाबाई," धम्मपाल म्हणाले, "आपण नऊ वेळा हिच्या नावापुढं निरोगी लिहिलंय. ही बाई खंगत चाललीय."

"शेवटचं शिबिर एप्रिलात झालं," बाळाबाई म्हणाली. "आता डिसेंबर हाय."

"उद्या गडहिंग्लजचा बाजार. येताय?"

ती चपला घालत होती.

६

गडहिंग्लजच्या बाजारात बांगड्यांची सहा दुकानं होती. बाळाबाई सगळ्यांपुढून एकदा चालत गेली, बायकांच्या तोंडाकडे न बघता. पाचव्या दुकानापुढे ती बसली आणि डावा हात पुढे केला.

"हिरव्या दाखवा."

दुकानवालीने तिचा हात धरला, बोटं एकत्र दाबली आणि बांगडी चढवायला लागली. सगळं काम उजव्या हाताने. डावा कोपर अंगाशी घट्ट. गालाची हाडं वर आली होती. धम्मपाल मागे एका पोत्यावर पाठ करून बसले, बाजारात थकलेला नवरा बसावा तसे.

"नाव काय तुमचं?" बाळाबाईने विचारलं.

"शिवगंगा."

"आडनाव?"

"बळेगार. का हो?"

"माझी ओळख पटंना का? मी नऊ डाव तुमच्या हातात सुई घातलीय."

बांगडी मनगटाच्या अलीकडेच थांबली. शेजारच्या दुकानावर दोघी जणी भाव करत होत्या. शिवगंगेने तिकडे पाहिलं आणि पुन्हा बांगडीला जोर दिला. हात सुटला नाही, हे धम्मपालांना काकणांच्या आवाजावरून कळलं.

"पोलिसात देणार?"

"न्हाई. दुखतंय कुटं ते सांगा."

शिवगंगा बांगड्या चढवत राहिली. आवाज इतका खाली गेला की धम्मपालांना मान किंचित वळवावी लागली.

"दीड-दोन वरीस झालं. आधी वाटाण्यायेवढी गाठ. शिबिराचा कागद बघितला, बाई डाक्टर छाती तपासणार म्हणून. गेलो. तर तितं एक पोरगा बसलेला. म्हणाला, मॅडम पुढल्या बाजाराला येतील. भीतीनं मी नाव दुसरीचंच सांगितलं हुतं, रक्त तेवढं घेतलं. पुढल्या बाजाराला गेलो तर म्हणाले, एकदा दिलं की झालं, तीच बाई परत घेत न्हाई. मग तिसरीचं नाव सांगितलं. नावं काय, मला चिक्कार ठावं हाईत."

"आणि मॅडम?"

"मी गेलो तवा कदी आल्याच न्हाईत. त्या पोरापुढं मी पदर काढू?"

"सरळ कोल्हापूरला यायचं की."

शिवगंगेने शेवटची बांगडी चढवली आणि बाळाबाईचा हात तसाच धरून ठेवला. "अक्का, पोरींच्या लग्नाचा चुडा माझ्या हातनं भरतात. असल्या रोगाचा हात कोण धरून घेईल? एकीला कळलं की सात बाजारांत कळलं. घरात म्हातारा हाय, धाकटी बहीण नवऱ्यानं सोडलेली हाय. समदे ह्या काचेवर जगतात." मग ती म्हणाली, "रक्तात दिसंल असं वाटलं हुतं. नऊ डाव दिलं. एकदा बी तुमास्नी दिसलं न्हाई?"

धम्मपाल पोत्यावरून उठले, कारण आता पाठ करून बसणं त्यांना जमेना.

"त्या रक्तातनं गाठ दिसत न्हाई, ताई," ते म्हणाले. "आम्ही तुमच्याकडंच बघायला पायजे होतं. उद्या चला. बाई डॉक्टर आहेत. त्या येईपर्यंत मी दारात बसतो."

७

सोमवारी सकाळी साहेबांच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. जोतीरामने राजीनामा लिहून आणला होता, तो खिशातून अर्धा बाहेर दिसत होता. शशिधर खिडकीजवळ बसला होता, बाळाबाई दारापाशी उभी होती. शिवगंगा त्या वेळी खाली डॉ. शांभवींच्या खोलीत होती.

"रक्तात कुणी लबाडी केली न्हाई," धम्मपालांनी सांगायला सुरुवात केली. "जोतीरामनं केली असती तर साधं रक्त वापरलं असतं. शशिधर साहेबांना ही बाई दुर्मीळ आहे हे कळायच्या आधीच शेवटची नळी फ्रीझरमध्ये गेली होती. बाळाबाईंनी समोर आलेल्या हाताचं रक्त घेतलं. एकच बाई नऊ डाव आली, बांगड्या भरणारी, नऊ गिऱ्हाइकांची नावं घेऊन, छाती दाखवायला. लबाडी आहे ती या चौकटीत." त्यांनी फॉर्म साहेबांपुढे ठेवला. "दोष नाही. साहेब, जिला तपासलंच न्हाई, तिच्यापुढं ही खूण कशी आली?"

कुणी काही बोलण्याआधीच शशिधर म्हणाला, "मी केली."

"किती फॉर्मांवर?" साहेबांनी विचारलं.

"मॅडम दोनच शिबिरांना आल्या, मग बाळंतपणासाठी वर्षभराच्या रजेवर गेल्या. बायका मला तपासू देत नव्हत्या. चौकट रिकामी राहिली की फॉर्म बाद होणार. मोजणी भरणार नाही, अनुदान थांबणार. मी तुम्हाला दोन पत्रं लिहिली होती सर, दुसरी डॉक्टर द्या म्हणून." तो खाली बघत होता. "सत्तावीस जणींची खरी तपासणी झाली. बाकी एकशे त्रेपन्न मी भरल्या."

साहेबांनी टेबलाचा खण उघडला. पत्रं तिथंच होती. एक फोडलेलंही नव्हतं.

तेवढ्यात डॉ. शांभवी वर आल्या. हात पुसत त्या दारातच थांबल्या. "डाव्या बाजूला आहे. काखेतही गेलंय," त्या म्हणाल्या. "त्याच्या पलीकडे पसरलंय का ते बघायचंय. आज दाखल करून घेते."

जोतीरामने खिशातला कागद फाडला आणि तुकडे मुठीत धरून उभा राहिला. टाकायला टोपली साहेबांच्या पायाशी होती.

८

शोधनिबंध मागे घेतला गेला. त्या जादा तुकड्याने बाईचं रक्षण होतं की नाही, हे कोल्हापूरच्या अभ्यासातून कुणालाच सांगता येणार नव्हतं. तो असलेली त्यांना एकच बाई सापडली होती, आणि ती वॉर्डात सलाइन लावून पडली होती.

शशिधरला काढलं नाही. साहेबांना तो आपला अधिकार वाटेना, खणातल्या पत्रांमुळे असेल. धम्मपालांना मात्र नवं काम लागलं. शिवगंगेचे नऊ फॉर्म सोडले तर एकशे चव्वेचाळीस बायका अशा होत्या, ज्यांच्या घरी 'दोष नाही'चं कार्ड गेलं होतं आणि ज्यांना कुणी हात लावलेला नव्हता. त्यांनी एकशे चव्वेचाळीस पोस्टकार्डं स्वतः लिहिली. महिन्याभरात बावीस बायका आल्या.

शिवगंगा शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांसाठी दर तीन आठवड्यांनी येत होती. केस गेले होते. काखेपलीकडे रोग सापडला नव्हता, पण डावा हात सुजलेला. एके दिवशी ती कठडा धरून तळघरात उतरली आणि फायलींच्या कपाटापाशी बसली.

"कार्ड धाडलासा म्हणं."

"धाडली. येत न्हाईत बायका."

"कशा येतील? कार्ड आधी सासरा वाचतो, मग दीर, मग गाव. छातीचं लिवलेलं कार्ड घेऊन कुठली सून एष्टीत बसंल, अण्णा?" तिने श्वास घेतला. "कोण कोण हाईत ते मला सांगा. बांगड्या भरताना सांगतो मी."

"नावं देता येत न्हाईत, ताई. नियम आहे."

"नऊ तर मीच तुमास्नी दिली," ती म्हणाली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा धम्मपालांना हसू आलं. पण नावं त्यांनी दिली नाहीत.

"तुम्ही सांगायला लागला तर तुमचं सगळ्यांना कळंल," ते म्हणाले.

शिवगंगेने डोक्यावरचा पदर सारखा केला. "केस गेल्यावर कुणाला कळायचं ऱ्हायलंय? चार जणींनी हात काढून घेतला मागल्या बाजाराला. एक जुनी गिऱ्हाईक मातर बसून ऱ्हायली. म्हणाली, सूज आली तर तंगी भरंल, तू नुसती बोल." ती उठली. "बघतो."

मार्चमध्ये गडहिंग्लजला पुन्हा शिबिर लावलं. डॉ. शांभवी स्वतः आल्या, पडदा लावलेली खोली घेतली. धम्मपाल रेकॉर्डचा माणूस म्हणून दारापाशी बसले. त्यांना वाटलं होतं, वीस-पंचवीस येतील. दुपारी बारापर्यंत शंभराच्या वर झाल्या आणि रांग बाजाराच्या तोंडापर्यंत गेली. यादीतल्या एक्क्याण्णव होत्या. बाकीच्यांची नावं कुठल्याच यादीत नव्हती. शिवगंगेला नावं लागलीच नव्हती. तिच्यापुढे ज्यांनी हात केला त्या सगळ्यांनाच ती सांगत सुटली होती. धोंडुबाईही आली होती, सुईला भीत भीत.

शशिधर दारातल्या टेबलावर फॉर्म लिहीत होता. नाव, वय, लेकरं, बहिणी. शेवटच्या चौकटीपाशी आला की तो पेनाला टोपण लावायचा आणि पडद्याकडे बघत थांबायचा. आतून मॅडमचा आवाज आल्याशिवाय हात पुढे जायचा नाही. रांग त्यामुळे हळू सरकत होती आणि बायका कुरकुरत होत्या.

त्या दिवशी पाच जणींना गाठी सापडल्या. दोघींच्या वाईट निघाल्या, दोन्ही लहान.

संध्याकाळी पेट्या गाडीत चढवून झाल्यावर धम्मपाल बाजारात आले. पाचव्या दुकानावर शिवगंगा बसली होती, सुजलेला हात उशीवर ठेवून. धाकटी बहीण एका पोरीच्या हातात चुडा चढवत होती. समोर आणखी तिघी जणी बसून होत्या.

"किती आल्या?" शिवगंगेने विचारलं.

"एकशे अडुसष्ट."

तिने मान डोलावली. "बसा अण्णा. दिसभराच्या कामानं पाय मोडले असतील," ती म्हणाली, आणि बहिणीला पाण्याचा तांब्या द्यायला सांगितलं.